तीन दिवसांची शिदोरी

माझं नाव सांगत नाही. आमच्या अथेन्समध्ये चांगल्या घरच्या बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. मेल्यावर दगडावर कोरतील तेव्हा वाचा. तोवर टेलेनिकोसची बायको म्हटलं की पुरे. आमचे हे, टेलेनिकोस, प्रहसनं लिहितात. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि लढाईची टिंगल करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नाही.

त्याच हातानं घोटाळा केला.

हिवाळा तोंडावर आला होता. हे बाजारातून घरी आले ते शालीवर पाठभर लाल पट्टा घेऊन. मी कपाळाला हात लावला. सभेच्या दिवशी शिपाई बाजारात लाल रंगात बुडवलेली दोरी ताणतात आणि गप्पा हाणत उभ्या असलेल्यांना टेकडीवर हाकलतात. ज्याच्या कपड्याला रंग लागला तो कामचुकार, हे सगळ्या गल्लीला कळतं. आणि तो रंग धुवायचा कोणी? सभेनं नाही.

"अहो, लागली ना दोरी?"

"कोळंबी घेत उभा होतो. मेल्यांनी मागून येऊन शेळीसारखं हाकललं."

"कोळंबी कुठाय?"

"राहिली तिथंच."

"बरं. वर काय ठरलं?"

यावर ते हात धुवायला लागले. बराच वेळ धूत राहिले. घरात शिरल्या शिरल्या जेवायला मागणारा माणूस हात घासत बसला की बाईनं समजून जावं.

"वसंतात थ्रेसला मोहीम, तिकडे उत्तरेत घुसलेल्या स्पार्टाच्या फौजेवर," ते म्हणाले. "म्हणजे तयारी करायची असं ठरलंय. निघायचं की नाही ते हिवाळी उत्सवानंतरच्या सभेत. याद्या मात्र लगेच लागणार."

"आणि तुमचा हात?"

"वारा काय सुटला होता म्हणून सांगू! सगळे आखडून बसलेले. सगळ्यांनी हात वर केले, माझाही गेला."

"गेला? एकटाच गेला? तुम्हाला न विचारता?"

"तू तिथं असतीस तर कळलं असतं. डावीकडे मोची, उजवीकडे पिठवाला, दोघं माझ्याकडे बघतायत. म्हणतील, हा रंगमंचावर लढाईला शिव्या देतो तो भित्रा आहे म्हणून."

सात वर्षं आम्ही कोटाच्या आत दोन खोल्यांत राहतोय. कोटाबाहेर पालेने गावात आमचं घर होतं, एकवीस ऑलिव्हची झाडं होती. स्पार्टाचे लोक आले आणि झाडं जाळून गेले. लढाई म्हणजे काय ते या माणसाला मी सांगायला हवं होतं का? पण मोच्यानं बघितलं म्हणून हात वर गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन दिवसांनी बाजारात पाट्या लागल्या. आमच्या जावयाचं नाव वरून पाचवं होतं.

निकोड्रोमोस आमचा जावई. तेलाच्या घाण्यावर काम करतो, चोवीस वर्षांचा आहे, हसला की डोळे मिटतात. आमच्या मेलित्ताशी लग्न होऊन चार महिने झाले होते. हो, मुलीचं नाव मी घेतलं. तुम्ही घराबाहेर घेऊ नका. यादीत नाव आलं म्हणून तो पठ्ठ्या खूश होता. रोज संध्याकाळी दारात बसून ढाल घासायचा.

मेलित्ता दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. हातात शिपायाची चामड्याची पिशवी होती, कोरी करकरीत.

"आई, ही कशी भरायची ते शिकव."

"एवढी काय घाई? वसंताला वेळ आहे."

"आत्ताच शिकव. ऐनवेळी चुकायला नको."

मोहिमेचा हुकूम येतो तो कायम एकच असतो: तीन दिवसांची शिदोरी घेऊन हजर व्हा. सेनापती कोणीही असो, जायचं कुठंही असो, शिदोरी तीन दिवसांची, आणि ती बायकोनं बांधायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या असं लोक नुसतं बोलतात; मी बावीस वर्षं खरोखरच भाजल्यात. माझ्या आईनं मला शिकवलं, मी मेलित्ताला शिकवलं. तळाशी खारवलेला मासा, अंजिराच्या पानात गुंडाळून, कारण तो टिकतो आणि वर ठेवला तर सगळ्याला वास मारतो. तो तिसऱ्या दिवसाचा. त्याच्यावर कांदे, लसूण आणि जवाची भाकर, दुसऱ्या दिवसाची. रानओव्याच्या मिठाची पुरचुंडी कडेला खोचायची. सगळ्यात वर चीज आणि ताजी भाकर, पहिल्या दिवसाची, कारण तीच आधी खराब होते.

मेलित्तानं सगळं नीट रचलं. तोंडाशी वादी आवळली. मग हात तसाच ठेवून म्हणाली, "आणि चौथ्या दिवसाचं?"

"काय चौथ्या दिवसाचं?"

"बाबा मागच्या खेपेला चाळीस दिवस गेले होते. चौथ्या दिवसापासून ते काय खात होते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या कोठारातलं, पोरी. पालेनेला स्पार्टावाल्यांनी आपलं खाल्लं तसंच."

ती उठली. पिशवी उचलून घरी गेली. मला वाईट वाटलं आणि मग राग आला, आणि रागाला घरात एकच माणूस सापडला. तो शेजारच्या खोलीत पडून सगळं ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्यापुढे यांचीच जुनी पिशवी भरून ठेवली.

"हे काय?"

"शिदोरी. तीन दिवसांची. तुमची मोहीम आजपासून सुरू. झोपायचं अंगणात, पांघरायला ही शाल, लाल पट्ट्यासकट."

"वेड लागलंय का तुला?"

"मला विचारू नका, माझाही हात गेला वर. वारा फार सुटला होता."

त्यांना वाटलं मी एका दिवसात विरघळेन. पण त्यांचं लग्न कोणाशी झालंय हे बावीस वर्षांनंतरही त्यांना नीट कळलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चीज-भाकर खाल्ली आणि विनोद केले. दुसऱ्या दिवशी कांदे खाल्ले. तिसऱ्या दिवशी मासा खाल्ला आणि कंबर दुखते म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या मसुराच्या कढणाचा वास अंगणात गेला आणि ते दारात येऊन उभे राहिले.

"संपली मोहीम. वाढ."

"कशी संपेल? मोहीम चाळीस दिवसांची असते. शिदोरी तेवढी तीन दिवसांची."

"मग मी खाऊ काय?"

"नेहमी काय खाता तेच. जा, लुटा शेजारणीला."

आणि खरं सांगते, गेले! शेजारच्या कुंभारणीच्या चुलीवरून एक भाकर उचलली. ती केरसुणी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत मागे धावली. मी दारामागे उभी राहून इतकी हसले की भिंत धरावी लागली. राग मात्र गेला नाही. हसू वेगळं आणि राग वेगळा.

सातव्या दिवशी अंगणातून कुरकुर ऐकू येईना. बघते तर हे शाल गुंडाळून मेणाच्या पाटीवर काहीतरी खरडतायत आणि एकटेच खिदळतायत. त्यांना लिहिता येतं, मला वाचता येतं. माझ्या भावानं चोरून शिकवलं होतं. मी पाठीमागून वाचलं. "शिदोरी. तीन दिवसांची. तुमची मोहीम आजपासून सुरू." शब्दन् शब्द माझा!

"घरातलं भांडण वेशीवर टांगायला निघालात?"

ते दचकले. पण मग म्हणाले, "बस इथं. ऐक तर. हिवाळी उत्सवाला माझं प्रहसन लागलंय, आणि जे लिहिलं होतं ते अगदीच मिळमिळीत आहे, हे तुलाही माहितेय. हे बघ, एक बायको नवऱ्याला तीन दिवसांची शिदोरी देते. चौथ्या दिवशी थेट छावणीत जाते आणि सेनापतीला म्हणते, माझे कांदे संपले, आता माझा नवरा परत दे. मागे गाणाऱ्या-नाचणाऱ्या चोवीस जणांचा ताफा, सगळे रिकाम्या पिशव्या झालेले! आधीच्या खेळासाठी मद्याच्या बुधल्यांचे पोशाख शिवून तयारच आहेत, त्यांना वाद्या लावल्या की झालं काम."

"आणि बायकोचं नाव?"

"नावच नाही. नुसती बायको. म्हणजे प्रत्येक पुरुषाला वाटेल, आपलीच."

मला आवडलं. आवडलं ते मी कबूल केलं नाही. "लिहा," म्हटलं, "पण उत्सवानंतरच्या सभेत हा हात शालीच्या आत राहील असं कबूल करा."

ते पाटीकडे बघत राहिले. "तेवढं सोपं नाही गं ते. लिहिताना मुखवट्यामागे दुसराच कोणीतरी असतो. तिथं सभेत मी असतो, आणि शेजारी मोची."

मी कढण वाढलं. माणूस उपाशी ठेवून वळत नाही हे मला कळलं होतं. पण वचन काही मिळालं नाही, आणि निकोड्रोमोस रोज ढाल घासत होता.

उत्सवाचा दिवस थंड पण उन्हाचा होता. आम्ही बायका नाटकाच्या उतारावर सगळ्यात वर, पुरुषांच्या पाठीमागे. मेलित्ता माझ्या शेजारी, पलीकडे केरसुणीवाली कुंभारीण. खाली आठव्या-नवव्या रांगेत जावईबुवा मित्रांबरोबर अक्रोड फोडत बसलेले. हे नट मंडळींबरोबर आडोशाला.

बायकोचं काम ओनेटोर करत होता. उंच, खांदे हमालाचे, त्यावर बाईचा पांढराफटक मुखवटा आणि छातीला दोन उशा. सुरुवात झकास झाली. अंगणात झोपायचा हुकूम सुटला तेव्हा पुरुषांत असा हशा उसळला की पुढची चार वाक्यं बुडाली. "वारा फार सुटला होता" यावर तर मोची स्वतःच मांडी थोपटून हसत होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दहा हजार माणसं माझ्या वाक्याला हसत होती आणि ते माझं आहे हे फक्त आम्हा घरच्या चौघांना माहीत होतं.

मग ओनेटोरनं पिशवी भरायला घेतली.

आधी त्यानं चीज टाकलं. मग त्यावर ताजी भाकर. मग कांदे. आणि सगळ्यात वर, अंजिराचं पानसुद्धा न लावता, खारा मासा.

वरच्या रांगांत खसखस पिकली. पुरुष वळून बघायला लागले. इथं विनोद कुठं होता ते त्यांना कळेना. मला एका क्षणात कळलं. यांनी ते प्रेक्षकांना हसवायला लिहिलं नव्हतं. त्यांना खरंच तसंच वाटत होतं! बावीस वर्षं या माणसानं पिशवी पाठीवर वाहिली, पण ती भरताना कधी पाहिली नाही. त्यांना ती फक्त उघडायची माहीत. उघडताना पहिल्यांदा हाताला चीज लागतं, म्हणून पहिल्यांदा चीजच आत जात असणार, असा त्यांचा हिशेब. ओनेटोरलाही तसंच वाटलं, ताफ्यातल्या चोवीस जणांनाही, आणि खाली बसलेल्या सगळ्या शूर पुरुषांनाही. तालमीत एकालाही चूक दिसली नव्हती.

मला राहवेना. मी उभी राहिले.

"मासा खाली! मासा खाली घाल, मेल्या!"

सगळीकडे चिडीचूप झालं. चांगल्या घरची बाई, चारचौघांत, ओरडून! आता यांची अब्रू गेली, प्रहसन गेलं, सगळं माझ्या जिभेपायी. तेवढ्यात कुंभारीण उठली आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडली, "आणि पानात गुंडाळ!"

मग बांधच फुटला. "चीज वर!" "मीठ कडेला रे, भिजेल!" "कांदे काय भाकरीवर आपटतोस?"

ओनेटोरनं मुखवटा वर करून आमच्याकडे बघितलं. तो वीस वर्षं रंगमंचावर आहे, बावळट नाही. त्यानं पिशवी उलटी करून सगळं जमिनीवर ओतलं, पुरुषांकडे वळला आणि म्हणाला, "गप्प बसा रे. सेनापती वर बसलेत."

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. पुढं तो एकेक जिन्नस उचलून आम्हाला दाखवायचा, आम्ही सांगायचो, तो ठेवायचा. पहिल्यांदा मासा, तिसऱ्या दिवसाचा. मग कांदे, भाकर. मग चीज. पुरुष बघत होते. हळूहळू हसणं कमी होत गेलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ज्याची त्याची पिशवी अशीच कोणीतरी भरली होती. ओनेटोरनं वादी आवळली.

"आणि चौथ्या दिवसाचं?"

आवाज मोठा नव्हता, पण आमच्या नाटकाच्या उतारावर वरून बोललेलं खालपर्यंत जातं. मेलित्ता बसूनच बोलली होती. ती विनोद करत नव्हती. खाली निकोड्रोमोसनं मान वळवली. बायकोचा आवाज त्यानं ओळखला. त्याच्या हातातला अक्रोड तसाच राहिला.

पुढचं वाक्य नाटकातलं होतं. सेनापतीला म्हणायचं, पुढच्या प्रसंगात. ओनेटोरनं ते तिथंच, वर आमच्याकडे बघत, बाईचा किनरा आवाज टाकून स्वतःच्या आवाजात म्हटलं.

"ते दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या कोठारात आहे, पोरी."

कोणी हसलं नाही. मी मेलित्ताचा हात धरला. हे वाक्य मी माझ्या माजघरात बोलले होते आणि माझे शब्द चोरले म्हणून मी यांच्याशी भांडले होते. आता वाटलं, बरं झालं चोरलं.

पुढं सगळं हसरंच होतं. बायको रिकाम्या पिशव्यांचा ताफा घेऊन छावणीत गेली. पलीकडून स्पार्टाच्या सेनापतीची बायको तशीच रिकामी पिशवी घेऊन आली. दोघींनी नवऱ्यांच्या नावानं यथेच्छ बोटं मोडली, शेवटचा कांदा मधोमध चिरला, आणि त्याच्या तिखटानं दोन्ही सेनापतींच्या डोळ्यांना पाणी आलं तेवढ्यात तह उरकून घेतला. पंचांनी आम्हाला दुसरा नंबर दिला. पहिला एका पक्ष्यांच्या पिसाऱ्याच्या खेळाला गेला. पिसारा खरंच चांगला होता.

घरी आल्यावर मला कळलं, यांना वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं चिडवलं होतं. "काय टेलेनिकोस, घरच्या सेनापतींना लगाम घाल की जरा!"

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, मी साधा शिपाई, मला काय विचारता?" मग म्हणाले, "मासा खरंच खाली असतो?"

"बावीस वर्षं."

"बावीस वर्षं," ते म्हणाले.

सभा नऊ दिवसांनी होती. स्पार्टाहून दूत आले होते, वर्षभराचा तह मागत होते. आधी मोहिमेसाठी हात मोजायचे, मग तहासाठी. त्या दिवशी दोरी सुटायच्या आधीच हे घरातून गेले. मेलित्ता भरलेली पिशवी घेऊन माझ्याकडे येऊन बसली. आम्ही दोघी लोकर विंचरत होतो. तिनं तेवढ्या वेळात एकच गुंडाळी चार वेळा विंचरली. मला यांच्या वाक्यांचा भरवसा होता, हाताचा नव्हता. मोची आणि पिठवाला आजही शेजारी असणारच.

दुपार कलल्यावर हे आले. मी आधी शाल बघितली. पाठ कोरी.

"वर्षभराचा तह," ते म्हणाले.

मेलित्ता जागेवरून उठलीच नाही. पिशवीवर डोकं टेकून रडली, आणि मी तिला रडू दिलं. मग डोळे पुसून निकोड्रोमोसला सांगायला धावत गेली; पिशवी आमच्याकडेच विसरली.

ती गेल्यावर मी विचारलं, "मोहिमेसाठी हात मागितले तेव्हा?"

हे हात धुवायला लागले. पण या खेपेला लवकर आटोपलं.

"तेव्हा फार थंडी होती," ते म्हणाले. "शालीबाहेर काढवेना."

"आणि मोची?"

"बघत होता माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. मग त्यानंही हात काखेत घातले."

मी त्यांना कढण वाढलं, कोळंबी घालून. कोळंबी ते येताना घेऊन आले होते.

चार दिवसांनी आम्ही चौघं पालेनेला झाडं बघायला निघालो. कोणीतरी सांगितलं होतं की जळक्या खोडांना खालून फूट आलीय. तीन दिवसांची शिदोरी बांधायची होती आणि ती मीच भरणार म्हणून हे हट्ट धरून बसले. जावईबुवा शेजारी बसून सूचना देत होते. "सासरेबुवा, मासा खाली!" "माहितेय रे मला, माझंच नाटक आहे!" मासा तळाशी गेला, पानात गुंडाळून. मग कांदे, मग भाकर, कडेला मीठ, वर चीज. काहीही चुकलं नाही.

तह एका वर्षाचा होता, हे मला माहीत होतं. त्यांनी वादी आवळायला घेतली तेव्हा मी त्यांचा हात बाजूला केला, आणि अजून चार भाकऱ्या वर ठेवल्या, चौथ्या दिवसाच्या.